टहरौलीचा खडक आणि शुक्रावरच्या आनंदीबाई

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी किल्ला उभा राहतो, मग राणी आणि मग १८५७ साल. त्याच झाशी जिल्ह्यात टहरौली नावाचा एक तालुका आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आज या टहरौलीची आठवण काढली आहे ती इतिहासासाठी नव्हे. इतिहास तिथे शे-दोनशे वर्षे मागे नेतो. आपल्याला जायचे आहे ते थेट २५० कोटी वर्षे मागे!

टहरौलीच काय, झाशीच्या आसपासचा सारा मुलूख ज्या खडकावर बसला आहे त्याला भूशास्त्रज्ञ 'बुंदेलखंड ग्रॅनाइट' म्हणतात. गुलाबी-करड्या रंगाचा, कठीण, पहारीलाही दाद न देणारा. या खडकाचा मोठा भाग सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी थिजून तयार झाला आणि याच पट्ट्यातले काही खडक तर त्याहूनही जुने आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे टहरौलीच्या खडकापुढे आपला सह्याद्री अगदी कालचे पोर!

आता संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला लखलखणारी शुक्राची चांदणी आठवा. शुक्र आणि पृथ्वी ही जवळजवळ एकाच आकाराची भावंडे, दोघांचा जन्म साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वीचा. पण शुक्राची आज दिसणारी जमीन किती जुनी आहे? शास्त्रज्ञांचे अंदाज ३० ते १०० कोटी वर्षांच्या दरम्यान घुटमळतात. टहरौलीच्या शेतात जो खडक नांगराला लागतो, तो शुक्राच्या बहुतेक सगळ्या जमिनीहून दुपटीतिपटीने म्हातारा आहे.

प्रश्न साहजिक आहे. टहरौलीचा दगड प्रयोगशाळेत नेऊन त्याचे वय काढता येते. शुक्रावरचा एक खडाही आजवर कुणी आणलेला नाही. मग तिथल्या जमिनीचे वय कुणी आणि कसे मोजले? ते मोजले विवरांनी, आणि ती विवरे दाखवली एका रडारने.

ढगांच्या बुरख्याआड

शुक्र आकाशात इतका तेजस्वी दिसतो याचे कारण त्याच्याभोवतीचे दाट ढग. आपल्यासारखे पाण्याचे नव्हेत, गंधकाम्लाचे. सूर्याचा बराचसा प्रकाश ते परतवून लावतात, म्हणून चांदणी लखलखते. पण याच ढगांमुळे खालची जमीन कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. शेकडो वर्षे माणूस शुक्राकडे पाहत होता आणि त्याला दिसत होता तो फक्त बुरखा.

बुरख्याआड काय आहे? तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस. शिसे तिथे पातळ होऊन वाहू लागेल. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि तिचा दाब आपल्या हवेच्या नव्वदपटीहून जास्त. समुद्रात नऊशे मीटर खोल बुडी मारली तर अंगावर जो भार येईल तेवढा! सोव्हिएत रशियाची काही याने तिथे उतरली. १९८२ मध्ये उतरलेले 'व्हेनेरा १३' दोन तासांच्या वर तग धरून राहिले आणि पायाखालच्या दगडांची छायाचित्रे त्याने पाठवली. पण दारातून आत डोकावून अंगणाचा एक कोपरा पाहिला म्हणजे सारा वाडा पाहिला असे होत नाही.

वाडा पाहायला प्रकाश उपयोगाचा नव्हता. उपयोगी पडल्या त्या रेडिओलहरी. ढग कितीही दाट असले तरी त्या आरपार जातात, जमिनीवर आपटतात आणि परत येतात. अंधारात वटवाघूळ आवाज सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे, फांदी कुठे हे ओळखते, तसाच हा प्रकार. सोव्हिएत 'व्हेनेरा १५' आणि '१६' या यानांनी १९८३ पासून शुक्राच्या उत्तरेकडचा भाग अशा रडारने टिपला. पण संपूर्ण ग्रह पाहण्याचे काम केले ते अमेरिकेच्या 'मॅगेलन' यानाने.

काटकसरीतून झालेले यान

मॅगेलनची कथा कुठल्याही गृहिणीला आवडेल अशी आहे. मोहिमेला पैसा कमी पडत होता. मग काय, आधीच्या मोहिमांतून उरलेले सुटे भाग गोळा केले गेले. 'व्हॉयेजर' यानांसाठी केलेली एक जादा अँटेना शिल्लक होती, ३.७ मीटर रुंदीची तीच थाळी मॅगेलनच्या माथ्यावर चढवली. ४ मे १९८९ रोजी अटलांटिस या अवकाशयानातून मॅगेलन निघाले आणि १० ऑगस्ट १९९० रोजी शुक्राच्या कक्षेत शिरले.

काम करण्याची पद्धत मोठी शिस्तीची. यान ध्रुवांवरून उभ्या फेऱ्या मारी. प्रत्येक फेरीत जमिनीचा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, पण हजारो किलोमीटर लांबीचा एक पट्टा टिपला जाई. मग तीच थाळी पृथ्वीकडे वळवून माहिती पाठवायची आणि पुन्हा पुढचा पट्टा. खाली शुक्र आपल्याभोवती अगदी सावकाश फिरतो. त्याची एक फेरी आपल्या २४३ दिवसांची. त्यामुळे २४३ दिवसांत सारा ग्रह यानाखालून एकदा सरकून जाई. साडीच्या निऱ्या शेजारीशेजारी बसवाव्यात तसे ते पट्टे जोडले गेले आणि चार वर्षांत शुक्राच्या ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा तयार झाला. शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतचा तपशील त्यात दिसतो. ऑक्टोबर १९९४ मध्ये यान मुद्दाम शुक्राच्या वातावरणात उतरवले गेले आणि तिथेच त्याचा शेवट झाला.

रडारचे चित्र कसे वाचावे?

रडारचे चित्र हे छायाचित्र नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. त्यात उजळ दिसते ते पांढरे असते असे नाही, आणि काळे दिसते ते काळे असते असेही नाही.

पावसाळी रात्री मोटारीतून जाताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. समोरचा ओला गुळगुळीत डांबरी रस्ता दिव्यांच्या प्रकाशातही काळाकुट्ट दिसतो, आणि कडेचा खडीचा ढीग मात्र झगमगतो. कारण सोपे आहे. गुळगुळीत रस्त्यावर पडलेला प्रकाश आरशावरून निसटावा तसा पुढे निघून जातो. खडीवर पडलेला चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. मॅगेलनचे रडारही असेच बाजूला तिरके पाहत असे. म्हणून त्याच्या चित्रात खडबडीत जमीन उजळ आणि सपाट जमीन काळी दिसते.

आता अशा चित्रात विवर कसे दिसेल? मधला तळ पुष्कळदा सपाट, म्हणून काळा. भोवती उडून पडलेल्या दगडधोंड्यांचा पसारा, म्हणून उजळ. परिणामी शुक्रावरची कित्येक विवरे चक्क फुलासारखी दिसतात: काळा मध्यभाग आणि त्याभोवती उजळ पाकळ्या.

आणि हो, पुस्तकांत शुक्राची जी नारिंगी चित्रे छापलेली असतात, तो रंग रडारने पाहिलेला नाही. तो नंतर भरलेला आहे, व्हेनेरा यानांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून अंदाज बांधून. रडारला रंग कळत नाही. त्याला कळते ते अंतर, उतार आणि खडबडीतपणा.

परातीतले विवर

विवर कसे होते हे मुलांना दाखवायचे असेल तर परातीत तीन बोटे जाडीचा कोरड्या पिठाचा थर घ्या आणि त्यावर हळदीची पातळ चाळण धरा. मग उभे राहून वरून एक गोटी सोडा. खड्डा पडेल, काठ उचलला जाईल, आणि हळदीच्या थरावर आतले पांढरे पीठ रेघारेघांनी उडालेले दिसेल. खालचे वर येते ते असे. आता खोलीत अंधार करून विजेरी एका बाजूने, परातीच्या काठाजवळून धरा. सपाट वाटणाऱ्या पिठातले बारीकसारीक उंचवटेही सावल्यांमुळे उठून दिसतील. तिरके पाहण्याचा फायदा काय, तेही त्यात कळेल.

खऱ्या विवरात मात्र एक मोठा फरक असतो. गोटी हळू पडते. अवकाशातला दगड येतो तो सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने. मुंबई ते पुणे हे अंतर तो दहा सेकंदांच्या आत तोडील! एवढ्या वेगाने आपटल्यावर दगड नुसता रुतत नाही, त्याचा स्फोट होतो. म्हणूनच दगड थोडा तिरका आला तरी खड्डा गोलच पडतो. दगडाच्या दहा-वीसपट रुंदीचे विवर तयार होते. खालचा खडक क्षणभर पातळ द्रवासारखा वागतो, आणि विवर मोठे असेल तर त्याच्या मध्यभागी उंचवटा उभा राहतो. पाण्याच्या पिंपात खडा टाकल्यावर मधोमध पाणी उसळते, ते जर तसेच गोठले तर कसे दिसेल, तसा.

सारवलेले अंगण

आता वय मोजण्याची युक्ती. समजा, सकाळी कुणी अंगण सारवले आणि मग पावसाचे चार तुरळक थेंब पडू लागले. थेंब किती पडले ते मोजले, आणि मिनिटाला साधारण किती थेंब पडतात हे ठाऊक असले, तर सारवून किती वेळ झाला हे घड्याळाशिवायही सांगता येते. अवकाशातून पडणारे दगड म्हणजे हे थेंब. चंद्राच्या जुन्या भागावर विवरावर विवर, तिळभर जागा मोकळी नाही. म्हणजे ते अंगण कधीचे सारवलेलेच नाही.

मॅगेलनच्या नकाशात शास्त्रज्ञांनी विवरे मोजली. सगळ्या शुक्रावर मिळून भरली ती हजाराच्याही आत, नऊशे-साडेनऊशेच्या घरात. एवढ्या मोठ्या ग्रहाला ही संख्या फारच थोडी. दुसरे आश्चर्य असे की ती सगळीकडे सारखी विखुरलेली. इथे दाटी आणि तिथे मोकळीक असा प्रकार नाही. यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, शुक्राची जमीन त्या ग्रहाच्या मानाने तरुण आहे. आणि दोन, सगळीकडची जमीन साधारण एकाच वयाची दिसते.

मग अंगण सारवले कुणी? लाव्हाने, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो पद्धतीवर. काही शास्त्रज्ञ म्हणतात, ग्रहाच्या पोटातली उष्णता कोंडत गेली आणि एकदा सारे अंगण एकदमच सारवले गेले. दुसरे म्हणतात, तसे नाही, आज हा कोपरा, उद्या तो, असे हळूहळू झाले. हा वाद अजून मिटलेला नाही. पण २०२३ मध्ये त्यात एक मोलाची भर पडली. मॅगेलनने 'माट मॉन्स' या ज्वालामुखीची फेब्रुवारी आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये टिपलेली चित्रे रॉबर्ट हेरिक यांनी पुन्हा शेजारीशेजारी ठेवून पाहिली. आठ महिन्यांत ज्वालामुखीच्या एका मुखाचा आकार बदललेला दिसला. म्हणजे शुक्राचे सारवण आजही चालूच आहे. तीस वर्षे जुनी चित्रे कपाटात होती. पाहणारे डोळे मागाहून आले.

आणखी एक गंमत. शुक्रावर लहान विवरे जवळजवळ नाहीतच. दीड-दोन किलोमीटरहून लहान खड्डा तिथे सापडत नाही. लहान दगड त्या दाट हवेतच फुटून चुरा होतात. कित्येक ठिकाणी तर विवर नाही, नुसता गोल डाग आहे. दगड जमिनीपर्यंत पोचलाच नाही, पण त्याने ढकललेल्या हवेचा तडाखा खाली बसला आणि जमिनीवर शिक्का उमटला. बुलढाणा जिल्ह्यातले आपले लोणार १.८ किलोमीटर रुंदीचे. तो दगड शुक्राकडे गेला असता तर तिथे लोणार झाले असते की नुसता डाग, सांगता येत नाही.

झाशीजवळचा पुरावा

आता पुन्हा बुंदेलखंडात येऊ. पृथ्वीवरही दगड पडतातच, किंबहुना चंद्राहून जास्त पडले असतील. मग इथली विवरे गेली कुठे? ऊन, पाऊस, नद्या, वारा आणि जमिनीच्या हालचाली यांनी ती पुसून टाकली. आपले अंगण रोजच झाडले जाते. म्हणून साऱ्या पृथ्वीवर खात्रीने ओळखलेली आघात-विवरे दोनशेच्या आसपासच आहेत.

त्यातले एक अगदी झाशीच्या उशाशी आहे. झाशीपासून पश्चिमेला, सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरवर, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाचे गाव आहे. तिथे गेलात तर लोणारसारखा खोल खड्डा, पाण्याने भरलेले तळे, असे काही दिसणार नाही. दिसतील ती शेते, टेकाडे आणि मधोमध सपाट माथ्याचा एक उंचवटा. पण अलाहाबाद विद्यापीठाचे जयंतकुमार पती यांनी तिथले खडक बारकाईने तपासले आणि २००८ मध्ये परदेशी सहकाऱ्यांसह सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ढाला हे सुमारे ११ किलोमीटर रुंदीचे, अवकाशातून पडलेल्या दगडाने झालेले विवर आहे!

पुरावा काय? खड्डा तर झिजून गेलेला. पुरावा होता गारगोटीच्या कणांत. गारगोटीवर लाखभर वातावरणांइतका दाब क्षणभर पडला तर तिच्या कणांत अगदी समांतर, बारीक रेघा उमटतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ज्वालामुखी कितीही मोठा असला तरी असा दाब देऊ शकत नाही. तो देतो फक्त अवकाशातून आलेल्या दगडाचा आघात. ढालाच्या खडकांत त्या रेघा सापडल्या, आणि आघाताने वितळून पुन्हा थिजलेला खडकही सापडला.

या विवराचे वय १७० कोटी ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यान कुठेतरी आहे. खालचा खडक तोच, टहरौलीखाली पसरलेला बुंदेलखंड ग्रॅनाइट. म्हणजे शुक्रावर मॅगेलनने जी नऊशेहून अधिक विवरे पाहिली, त्या सगळ्यांच्या आधी ढालाचा आघात होऊन गेला होता. शुक्रावरची विवरे कालपरवा पडल्यासारखी ताजी दिसतात, कारण तिथे पाऊसपाणी नाही. ढालाची खूण मात्र चिमूटभर गारगोटीत उरली आहे. शुक्रावरचे डोळ्यांना दिसते पण हाताला लागत नाही. ढालाचे हाताला लागते पण डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही जोडून वाचावी तेव्हा कुठे विवराची पुरी कहाणी कळते. लोणारचे महत्त्वही असेच. ते काळ्या कातळात, म्हणजे थिजलेल्या लाव्हात पडलेले विवर आहे. शुक्राची जमीनही बहुतेक लाव्हाचीच. म्हणून दूरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचा दगड हवाहवासा वाटतो.

आनंदीबाई, रमाबाई आणि डॉक्टर झिराड

इतकी विवरे सापडली, तर त्यांना नावे हवीतच. शुक्र पाश्चात्त्यांच्या लेखी सौंदर्याची देवी, म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ठरवले की तिथली नावे स्त्रियांची असावीत. मोठ्या विवरांना जगभरच्या दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे, लहानांना साध्यासुध्या घरगुती मुलींची. सर्वांत मोठे विवर 'मीड', पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास रुंदीचे. ते मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्या नावाचे. उत्तरेकडच्या एका अफाट पठाराला तर आपल्या लक्ष्मीचे नाव आहे.

आणि एका विवराचे नाव आहे 'जोशी'. रुंदी सुमारे ३४ किलोमीटर. म्हणजे ढालासारखी तीन विवरे त्यात शेजारीशेजारी मावतील. या जोशी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई, आणि दहा दिवसांत ते मूल गेले. वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून. मग बाई जिद्दीने सातासमुद्रांपलीकडे गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय वर्षे एकवीस. एकही रुग्ण तपासायला या पृथ्वीने त्यांना इथे वेळ दिला नाही.

त्यांच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांच्याही नावाचे विवर शुक्रावर आहे. त्यांच्या सासरच्या आडनावाने, 'मेधावी' म्हणून. तिसरे विवर 'झिराड', पन्नास किलोमीटर रुंदीचे. ते डॉक्टर जेरुशा झिराड यांचे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या बाईंनी मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून १९२८ पासून १९४७ पर्यंत काम केले. किती बायकांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली सुखरूप पार पडली असतील! १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दाई आणि डॉक्टर यांच्या अभावी जिचे मूल गेले ती आनंदीबाई, आणि पुढच्या पिढीत तेच काम आयुष्यभर करणाऱ्या झिराडबाई. एकाच ग्रहावर दोघींची नावे आहेत.

मग झाशीच्या राणीचे काय? हा प्रश्न झाशीपासून सुरुवात केलेल्या लेखात यायलाच हवा. संघाचा एक नियम असा आहे की राजकीय किंवा लष्करी व्यक्तींची नावे द्यायची नाहीत. सूट आहे ती फक्त एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या राजकीय व्यक्तींना. आपापल्या देशाचे सेनापती आणि पुढारी आकाशात चढवण्याची चढाओढ लागू नये, हा त्यामागचा हेतू. लक्ष्मीबाई लढल्या आणि पडल्या १८५८ मध्ये. त्यामुळे त्या या नियमाच्या पलीकडे राहतात. अहिल्याबाई होळकरांचे निधन १७९५ चे, त्यांच्या आड तो नियम येत नाही. राणीला विवराची गरज आहे असे मात्र कुणी म्हणणार नाही. तिचे नाव ज्या जमिनीवर आहे ती शुक्राच्या जमिनीहून कितीतरी जुनी आहे!

नवे डोळे, जुने दगड

मॅगेलननंतर असा सबंध नकाशा पुन्हा कुणी केलेला नाही. आता तयारी चालू आहे. युरोपचे 'एनव्हिजन' आणि अमेरिकेचे 'व्हेरिटास' ही याने रडार घेऊनच जाणार आहेत. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानाला मंजुरी दिली. १,२३६ कोटी रुपयांच्या या मोहिमेचे उड्डाण मार्च २०२८ मध्ये करण्याचा बेत आहे, आणि तिच्यावरही रडार असेल. रडारच्या कामात आपण नवखे नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला 'निसार' हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह ढगांतून आणि अंधारातून पृथ्वीची जमीन न्याहाळण्यासाठीच आहे. उद्या भारतीय रडार 'जोशी' विवरावरून जाईल, तेव्हा त्या पट्ट्याकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांत मराठी मुलीही असाव्यात, अशी इच्छा धरायला काय हरकत आहे?

पण वर पाहताना खालचेही विसरू नये. शुक्रावरची विवरे कुणी पळवून नेणार नाही. पृथ्वीवरची जातात. लोणार आपण निदान ओळखले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि त्याच्याकडे जगाचे लक्ष गेले. ढालासारखे विवर तळे नसल्यामुळे डोळ्यांत भरत नाही. ज्या मुलखात ग्रॅनाइट म्हणजे खडी आणि खडी म्हणजे पैसा, तिथे दगडाची परीक्षा होण्याआधीच तो फोडणाऱ्या यंत्रात जाऊ शकतो. एकदा त्याची खडी झाली की गारगोटीतल्या त्या रेघा वाचायला कोणतेही यान उपयोगाचे नाही.

म्हणून मुलांना घेऊन लोणारला जाल, किंवा झाशीचा किल्ला पाहायला जाल तेव्हा ग्वाल्हेर-शिवपुरीकडे वळाल, तर पायाखालच्या दगडाकडेही एकदा पाहा. उचलून घरी आणू मात्र नका. तो जिथे आहे तिथेच त्याला किंमत आहे. आणि संध्याकाळी पश्चिमेला चांदणी दिसलीच, तर मुलांना सांगा, त्या ढगांच्या खाली कल्याणच्या जोशांची लेक आहे.